दिनूचं पक्कं मृत्युपत्र

माईक हातात असताना फोन घ्यायचा नाही, हे मी आमच्या मंडपाच्या कामगारांना जन्मभर शिकवत आलो आणि त्या दिवशी मीच घेतला. एका गावात साखरपुड्याचा मंडप लागत होता. एका हातात माईक, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनचा स्पीकर चालू, कारण माझ्या उजव्या कानाला हल्ली फक्त शिव्याच ऐकू येतात. पलीकडून दिनूची लेक शालन म्हणाली (बापाला ती दादा म्हणते), "काका, दादा गेलं ओ..." आणि ते चारही कर्ण्यांतून अख्ख्या गावानं ऐकलं. आचाऱ्यानं झारा खाली ठेवला. एक म्हातारा पटका सावरत मंडपात आला आणि म्हणाला, "कोण गेलं रं? आपल्यातलं का?" पुढं हे सांगताना मी म्हणतो की तीन तालुक्यांतली जनावरं दावणीला उभी राहून रडली. तसं काही झालं नाही. पण दिनूच्या मरणाला एवढा आवाज मिळाला हे मला बरं वाटलं. जन्मभर तो माणूस दुसऱ्यांचेच आवाज ऐकत बसला होता.

दिनू म्हणजे कवठे महांकाळात माझ्या मंडप-डेकोरेशनच्या दुकानाला लागून ज्याचा मोटार रिवायंडिंगचा गाळा होता, तो दिनकर. मूळचा वडूजकडचा. फौजेत गाड्या दुरुस्त केल्या, पेन्शन घेतली आणि आमच्याकडं आला, कारण आमच्याकडं पाणी कमी आणि बोअर जास्त. बोअरचं पाणी खाली गेलं की मोटार कोरडी फिरते, कोरडी फिरली की जळते, आणि जळली की दिनूकडं येते. जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश मारायचं, वाळवायचं. त्याच्या गाळ्यातला वार्निशचा वास माझ्या गाद्यागिरद्यांत असा मुरला होता की नवरदेव लोडाला टेकले की त्यांना झिंग यायची. (हे थोडं वाढवून सांगतोय. झिंग एकालाच आली होती, आणि तो घरूनच घेऊन आला होता.)

त्याच्याकडं हातभर लांबीचा पेचकस होता. पेचकस म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. शब्दही फौजेतला आणि वस्तूही. चालू मोटारीवर त्याचं टोक टेकवायचं, लाकडी मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत बेअरिंग वाजतंय की कॉईल गुणगुणतेय, ते त्याला कळायचं. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, ह्यानं एकदा नवरदेवाच्या छातीला पेचकस लावला आणि म्हणाला, ह्यो पळणार, आणि अक्षता पडायच्या आत नवरदेव पसार! दिनू डोळे न उघडता म्हणायचा, "बाळ्या, गप रं जरा. ऐकू दे." हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या बायकोनंही ते उचललं.

शालन त्याची एकुलती लेक, आई आधीच गेलेली. सासरहून परत आली तेव्हा प्राची तिच्या कडेवर होती. नवरा कुठं गेला ते त्याच्या आईलाही सांगता येत नव्हतं. शालन चार दिवस गाळ्यावरच्या दोन खोल्यांत रडली, पाचव्या दिवशी खाली उतरली आणि बापाच्या शेजारी बसून तार गुंडाळायला लागली. आधी गिऱ्हाइकं तिला बघून "दिनूअण्णा कवा येणार?" विचारायची. नंतर नंतर दिनूच समोर बसलेला असायचा आणि लोक विचारायचे, "ताई हाईत का?" शेवटची कितीतरी वर्षं दिनू फक्त ऐकायचा आणि काम सगळं शालनचं. गाळ्यानं त्या मायलेकींना खायला घातलं, गाळ्यावरच्या खोल्यांनी निजायला जागा दिली. दिनूचा मुलगा विकास पुण्याला. त्याच्या शिक्षणाला आणि फ्लॅटला दिनूनं हात मोकळा सोडला होता. त्यामुळं गाळा शालनचा, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. कागदावर मात्र काही नव्हतं.

मग एकदा छातीत कळ आली. मी सांगलीला घेऊन गेलो. दवाखान्याच्या खाटेवर पडून हा पठ्ठ्या सिस्टरला म्हणतोय, "बेअरिंग गेलंय, बॉडी चांगली हाय." परत येताना माझ्या टेम्पोत म्हणाला, "बाळ्या, मला विल करायचंय." मी म्हणालो, गड्या, आत्ताच तर दुरुस्त होऊन निघालायस, वॉरंटी तरी संपू दे. तो हसला नाही. त्यानं मला अक्काची गोष्ट सांगितली.

अक्का त्याची थोरली बहीण, वडूजजवळच्याच एका गावात दिलेली. वडील गेले तेव्हा तेराव्याचं जेवण झाल्यावर वाडवडिलांच्या जमिनीतला तिचा वाटा तिनं सोडला. हक्कसोड. आमच्याकडं ही रीतच आहे. बहिणीनं सही करायची, भावानं तिला साडी नेसवायची, आणि माहेरचं दार तिला उघडं राहायचं. कुणी जबरदस्ती करत नाही, कारण ती करावीच लागत नाही. ती जमीन पुढं दिनूनं विकली आणि त्यातून हा गाळा बांधला. "म्हंजी ह्या गाळ्याची निम्मी वीट अक्काची हाय," दिनू म्हणाला. "सही करताना तिनं मला इचारलं, कुठं करू रं दिनू? मी बोट ठेवलं... त्या बोटाची मला अजून लाज वाटती." ही लाज त्यानं अक्काला कधी बोलून दाखवली नाही. त्याऐवजी दर दिवाळीला साडी, फराळ आणि सांगलीची हळद घेऊन तो तिच्याकडं जायचा, तिचे पंखे, मिक्सर, पाण्याची मोटार, सगळं दुरुस्त करून यायचा. एका वर्षी दुरुस्त करायला काहीच मिळालं नाही, तर चांगला चाललेला पंखा खोलून परत बसवून आला. अक्का गावभर सांगायची, "भाऊ असावा तर असा."

"शालन बी करंल बघ सही," तो म्हणाला. "विकासनं तोंड पाडलं की करंल. म्हणून मी असं करतो की तिच्या सहीची गरजच पडू ने."

आणि मग त्यानं मृत्युपत्र मोटारीसारखं बांधायला घेतलं. शॉर्ट व्हायला जागाच ठेवायची नाही. वकिलाला त्यानं एवढे प्रश्न विचारले की वकीलसाहेबांनी स्वतःचं मृत्युपत्र करायला घेतलं म्हणतात. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला हवा म्हटल्यावर डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं विचारलं, आज वार कोणता? हा म्हणाला, "सोमवार. आता तुमी सांगा, तुमच्या दवाखान्यावरची मोटार किती हॉर्सपॉवरची हाय?" डॉक्टरला सांगता आलं नाही. तरी दाखला दिनूलाच मिळाला. साक्षीदार म्हणून मी आधीच केस विंचरून बसलो होतो. तर दिनू म्हणाला, "तू न्हाई. उद्या कोर्टात तुला इचारलं, सही कुठं झाली, तर तू त्यात हत्ती आणशील." मी खूप रुसलो. साक्षीदार घेतले ते औषधाच्या दुकानातला तरुण आणि शाळेतले एक गुरुजी, दोघंही त्याच्यापेक्षा बरेच लहान. म्हातारे साक्षीदार आपल्याआधी गेले तर काय घ्या? शिवाय व्हिडिओ. तो काढायला माझ्या मंडपाचा लग्नाचा व्हिडिओवाला. त्यानं सवयीनं त्याला सनईचं संगीत लावलं आणि कडेनं गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या. दिनू खुर्चीत ताठ बसून "मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता" म्हणतोय आणि त्याच्या टकलावर पाकळ्या पडताहेत! तो व्हिडिओ वकिलाच्या ऑफिसात बघताना आम्ही सगळे पोट धरून हसलो, शालनसुद्धा. पाकळ्या काढून टाकल्या, सनई ठेवली. दिनू म्हणाला, ऱ्हाऊ दे, बरी वाजतीय.

रजिस्टर झाल्यावर त्यानं ते लपवलं नाही. गणपतीला विकास आला तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं, गाळा आणि वरच्या खोल्या शालनच्या, तुला तुझं आधीच दिलंय. विकास वाईट मुलगा नाही. तो फक्त "बरं" म्हणाला आणि मोदकावर तूप घेतलं. मी मंडपवाला माणूस. आरडाओरडा झालेली लग्नं निभतात, हे मी पाहिलंय. असं हळू "बरं" म्हणणारा सोयरा आला की मी माझ्या खुर्च्या लवकर आवरायला घेतो. दिनूला मात्र त्या दिवशी लागली तशी झोप मी कधी पाहिली नाही. गाळ्यात बसल्या बसल्याच लागली, पेचकस मांडीवर.

शेवटचा भेटला तेव्हा प्राचीची सुपारी फुटली होती. मुलगा माधवनगरचा, घर चांगलं. दिनू मला म्हणाला, मंडप मोठा घाल, आणि तुझ्या त्या गाद्या उन्हात टाक. मग शालनकडं वळून म्हणाला, "पोरी, मी नसलो तर कुठंबी सही करायची न्हाई. कुणीबी सांगू दे." शालन वार्निशच्या डब्यात ब्रश बुडवत म्हणाली, "दादा, मी काय येडी हाय व्हय?" त्यानंतर आठवड्याभरातच तो फोन आला.

तेराव्याचा मंडप मीच घातला. पैसे कुणी विचारले नाहीत, मी सांगितले नाहीत. आमच्याकडं घरात मयत झाली की ठरलेलं लग्न एकतर वर्षाच्या आत उरकतात नाहीतर लांबणीवर टाकतात. माधवनगरवाल्यांनी उरकायचं ठरवलं. त्यामुळं तेराव्याच्या पंक्ती उठत होत्या आणि वरच्या खोलीत लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर ठरत होता. मी पत्रावळ्या मोजायचं निमित्त करून वर गेलो. विकास खिडकीत बसला होता. आवाज नेहमीसारखाच हळू. म्हणाला, "ताई, मी भांडायला आलो नाही. गाळा तुझा तर तुझा. पण सगळा गाव म्हणणार, बापानं पोराला घराबाहेर काढलं. मग प्राचीच्या लग्नात मामा म्हणून मी कुठल्या तोंडानं उभा राहू, तूच सांग."

एवढंच बोलला. एवढ्यावर दिनूचं सगळं इन्सुलेशन जळालं.

आमच्या लग्नात मामा नसेल तर काय होतं, हे बाहेरच्याला समजायचं नाही. मुलीला बोहल्यापर्यंत मामा आणतो. मंगलाष्टकं चालू असताना तिच्या मागं मामा उभा असतो. पत्रिकेत मामाच्या नावाची ओळ असते. प्राचीला बाप नव्हता, आजा परवाच गेला होता. मागं उभं राहायला एकच पुरुष उरला होता आणि तो खिडकीत बसला होता. माधवनगरहून मुलाच्या वडलांचा मला फोन आला होता, अगदी साधा. "बाकी काय न्हाई ओ, मामा हाईत न्हवं?"

मी म्हणालो, मी उभा राहतो मामा म्हणून. चार हजार लग्नांत मी उभा राहिलोय, खांबाला धरून. शालन म्हणाली, "तुमी बाळूकाका, तुमाला पत्रिकेत मामा कसं छापू?" प्राची तिथंच बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडं खुर्च्या, भांडी, घोडा सगळं भाड्यानं मिळतंय. एक मामा न्हाई का मिळत? मला नको असला मामा. आये, तू सही करू नकोस." शालननं तिच्याकडं असं बघितलं की पोरगी उठून खाली पंक्तीत वाढायला गेली.

आणि तेव्हा अक्का बोलली. अक्का वडूजकडून दिवसांना आली होती आणि भिंतीला टेकून सुपारी कातरत होती. एवढी वाळलीय की पंखा फुल केला तर उडेल, पण आवाज खणखणीत. म्हणाली, "दे की सही. मी बी दिलीती. माझं काय कमी झालं? दरसालच्या दिवाळीला माझा भाऊ दारात उभा ऱ्हायला. आमच्या आळीत एका बाईनं वाटा मागून घेतला, तिच्या पोराच्या लग्नाला कुत्रं बी आलं न्हाई माहेरचं. मी सही दिली म्हणून मला दिनू मिळाला."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. आवं अक्का, तुमची सही त्याला टोचत होती म्हणून तो येत होता... पण ऐंशीच्या पुढच्या त्या बाईजवळ दिनूची तेवढीच तर ठेव होती. भाऊ मायेनं आला, एवढी. मी, ज्यानं आयुष्यात कधी तोंड बंद ठेवलं नाही, तो पत्रावळ्या मोजायला लागलो. आणि दिनूची चाळीस वर्षांची शरम अशी त्याच्याच लेकीवर उलटली. तो दर दिवाळीला जात राहिला नसता, तर अक्काला एवढ्या खात्रीनं बोलता आलं नसतं.

पुढं सगळं रीतीनं झालं. मृत्युपत्र शालननं पुढं केलंच नाही. वारस म्हणून दोघांची नावं लावायची आणि तिनं हक्क सोडायचा, असं ठरलं. मी वकिलाकडं जाऊन आरडाओरडा केला. टेबलावरचा पेपरवेट माझ्या आवाजानं खाली पडला, हे खरं आहे. वकील म्हणाले, "कुणी हे मृत्युपत्र फोडायला आलं असतं तर मी त्याला वरच्या कोर्टापर्यंत पळवला असता. त्यात एक भोक ठेवलेलं नाही हो तुमच्या मित्रानं. पण ज्याला दिलंय त्यानंच घ्यायचं नाही म्हटल्यावर मी कुणाशी लढू?" सही करताना शालननं विचारलं, कुठं करू? विकासनं बोट ठेवलं. मी तिथं होतो. मग त्यानं तिला जरीकाठाची साडी दिली, चांगली होती, रंगही तिला शोभणारा. आणि म्हणाला, तू राहा वर, हवं तेवढे दिवस.

लग्न झालं. गाद्या मी उन्हात टाकल्या होत्या. विकास फेटा बांधून प्राचीच्या मागं उभा राहिला आणि मंगलाष्टकांत रडला. मी माईक धरून समोरच होतो, मला जवळून दिसलं. खरे अश्रू होते. खोटे असते तर मला पुढं सांगायला एक गोष्ट तरी मिळाली असती. शालन त्याच्याकडं बघून माझ्या कानाशी म्हणाली, "उभा ऱ्हायला की ओ काका." डाव्या कानाशी म्हणाली, ऐकू आलं.

हवे तेवढे दिवस लग्नानंतर लवकरच संपले. विकासच्या फ्लॅटचे हप्ते, पोराचं कॉलेज, त्याचंही खोटं नव्हतं. गाळ्याला मोबाईलच्या दुकानवाल्यांकडून भाडं मिळणार होतं आणि त्यांना वरच्या खोल्या गोडाऊनला हव्या होत्या. मी शालनला म्हणालो, माझ्या गोडाऊनमध्ये बस, खुर्च्या सरकवतो. ती म्हणाली, "दादाचं दुकान शेजारी दुसऱ्याचं झालेलं रोज बघू व्हय?" कुपवाडच्या एमआयडीसीत वाइंडिंगच्या कामाला बायका घेतात. तिथं एका खोलीची सोय झाली. प्राचीचं सासर तिथून जवळ आहे, पण लेकीच्या दारात रोज जाणारी ती नव्हे.

गाळा रिकामा करायच्या दिवशी एक मोटार राहिली होती, कुणाची तरी, तार भरून वाळलेली. विकासनं पाठवलेला माणूस कुलूप घेऊन बाहेर उभा. शालन म्हणाली, एवढी बघती नि झालं. तिनं मोटार चालू केली, पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मी काहीतरी बडबडत होतो. गाळ्यात भिंतीवर फक्त डाग उरले होते आणि त्या रिकामपणात मला माझाच आवाज जास्त ऐकू येत होता. "काका," ती डोळे न उघडता म्हणाली, "गप बसा की जरा. ऐकू द्या." मी गप बसलो. थोड्या वेळानं तिनं मूठ माझ्याकडं केली. "ऐका."

इतकी वर्षं शेजारी राहून मी कधी तो पेचकस कानाला लावला नव्हता. लावायची गरजच नव्हती, काय ऐकू येतं ते मी लोकांना आधीच सांगत होतो. मी डावा कान लावला. मला ओळखणारे आता वाट बघत असतील की बाळू इथं हत्ती आणणार. आत मोटार चालली होती. एकसारखी, कुठंही न अडखळता. दुसरं काही नव्हतं.

शालननं बटण बंद केलं. बंद केल्यावरही मोटार लगेच थांबत नाही, आतलं फिरणं हळूहळू उतरत जातं... ते पार थांबेपर्यंत मी कान काढला नाही. बाहेरून तो माणूस म्हणाला, "झालं का ताई?" शालननं पदराला हात पुसले आणि शटर तिनंच ओढलं.

पेचकस माझ्या हातातच राहिला. आता तो माझ्या दुकानात माईकच्या खोक्यात आहे. तो मागायला ती अजून आलेली नाही.